रोड कटिंगची परवानगी वेगळी, लाईन दाखवून घेणं वेगळं

खोदताना केबल तुटली की गर्दी जमते आणि त्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "परवानगी आहे न भाऊ आमच्याकडे!" ठेकेदार तेच म्हणतो, घरमालक तेच म्हणतो, फायबर टाकणाऱ्या कंपनीचा सुपरवायझरही तेच म्हणतो. कागद खरा असतो, शिक्का खरा असतो, पैसे भरल्याची पावतीही खरी असते. पण खाली काय आहे, याबद्दल त्या कागदात एक ओळ नसते. नागपुरात मनीषनगर असो, महाल असो की जरीपटका, मी हा घोळ इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो एकदा नीट सोडवून लिहितो.

परवानगी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. रस्ता ज्याचा, त्याची संमती. शहरात बहुतेक ठिकाणी मनपाचं झोन ऑफिस, काही ले-आऊटमध्ये नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), कुठे सार्वजनिक बांधकाम विभाग, मोठ्या मार्गांवर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. अर्ज, लांबी-रुंदी, कारण, रस्ता पूर्ववत करायचा खर्च, मुदत. रस्त्याचा मालक आपल्या रस्त्याची काळजी करतो : किती कापणार, किती दिवस, भरून कोण देणार. एवढाच तो व्यवहार आहे.

आता दुसरी गोष्ट. जमिनीखालच्या लाईनी रस्त्याच्या मालकाच्या असतीलच असं नाही, आणि बहुतेक नसतात. नागपुरातली कुठलीही मध्यम गल्ली घ्या. पाण्याची लाईन मनपाची, पण २०१२ पासून चोवीस तास पाणीपुरवठ्याचं काम मनपाने ऑरेंज सिटी वॉटरकडे दिलं. विजेची केबल महावितरणची. त्यातही महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांतलं वीजवितरण २०११ ते २०१९ या काळात फ्रँचायझीकडे होतं. गडर लाईन, म्हणजे सांडपाण्याची, मनपाची, रस्त्यावरच्या दिव्यांची केबल वेगळी, सिग्नलची वेगळी, फायबर चार-पाच कंपन्यांचं, काही भागांत आता गॅसची पाइप. प्रत्येकाने आपापल्या वर्षी खोदलं, आपापला नकाशा केला आणि आपापल्या कपाटात ठेवला. झोनमधल्या ज्युनियर इंजिनिअरने तुमच्या अर्जावर सही केली, तेव्हा यातले सगळे नकाशे त्याच्या टेबलावर नव्हते. त्याची सही म्हणजे "खाली काही नाही" असा दाखला नव्हे, आणि त्याने तसा दावा केलेलाही नसतो. तो दावा आपण मनानेच त्या कागदात घुसवतो.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही झाली म्हणून कोणी एक्स-रे काढायचं सोडत नाही. इथे मात्र सोडतात.

दोन्ही गोष्टी किती सुट्या आहेत, हे बघायचं तर स्वतःच्या कंपाउंडमध्ये या. घरामागे सेप्टिक टँक खोदायचा आहे किंवा भिंतीचा पाया घ्यायचा आहे. रोड कटिंगची परवानगी लागत नाही, कारण रस्ताच कापायचा नाही. म्हणून लोक सरळ जेसीबी बोलावतात. पण खांबावरून किंवा रस्त्याकडेच्या वीजपेटीतून (पिलरवरून) मीटरपेटीपर्यंत आलेली सर्व्हिस केबल तिथेच असते, नळाची जोडणी तिथेच असते, आणि आधीच्या मालकाने मागच्या खोलीसाठी स्वतः टाकलेली वायर कोणाच्याच नकाशात नसते. परवानगीची गरज शून्य, लाईन शोधायची गरज पूर्ण. शेतातही तसंच. सातबारा तुमच्या नावावर असतो, पण पेट्रोलियम किंवा गॅसची पाइपलाइन गेली असेल, तर १९६२ च्या कायद्याखाली त्या पट्ट्याचा वापरहक्क सरकारने घेतलेला असतो. जमीन तुमचीच राहते, मात्र तिथे विहीर खोदता येत नाही, बांधकाम करता येत नाही, झाडही लावता येत नाही. बांधावर उभे असलेले पाइपलाइनचे मार्कर उपटून बाजूला ठेवणारे लोक मला कळत नाहीत.

उलटंही खरं आहे. लाईन नीट शोधून घेतली म्हणून रस्ता विनापरवानगी कापायची मुभा मिळत नाही. पण हे कोणाला समजवावं लागत नाही, दंडाची पावती समजावते.

खरी अडचण यापुढची आहे. समंजस माणसं रस्त्याच्या मालकाकडे थांबत नाहीत, ती लाईनवाल्यांकडेही जातात आणि त्यांचं ना-हरकत पत्र आणतात. किंवा अॅपवर नोंद करतात. आणि तिथे पुन्हा तीच चूक होते, कारण तोही कागदच असतो.

अॅपचं आधी सांगतो. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप सुरू केलं. बेबंद खोदाईत फायबर आणि इतर लाईनी तुटून देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. अॅप चांगलं आहे, वापराच. तुम्ही कुठे आणि केव्हा खोदणार ते भरायचं, त्या जागी ज्यांच्या लाईनी नोंदलेल्या आहेत त्यांना एसएमएस आणि ईमेल जातो, तुम्हालाही त्यांना फोन लावता येतो. पण नीट वाचा : निरोप जातो. लाईन कुठे आहे ते जमिनीवर उमटत नाही. ज्याची लाईन नोंदलेलीच नाही, त्याला निरोपही जात नाही. नोंद केल्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीची बकेट लावणं, याला मी नोंद न करण्याइतकंच बेजबाबदार मानतो.

अमेरिकेत ८११ हा नंबर याच कामासाठी आहे. तिथेही फोन ही फक्त सुरुवात असते. फोननंतर लाईनवाले येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात : लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी टेलिफोन आणि फायबर, निळा पिण्याचं पाणी, हिरवा गडर. आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरात मशीन न लावता जपून, हाताने खोदायचं असतं. आपण त्यातला फक्त फोन घेतला आणि पुढचं सगळं विसरलो. ते रंग आपल्या साइटवरही वापरायला काहीच हरकत नाही, मी तर आग्रहच धरतो.

म्हणजे लाईन दाखवून घेणं याचा अर्थ असा : जिची लाईन आहे त्या संस्थेचा माणूस, त्या भागाचा लाईनमन किंवा फिटर, खोदायच्या जागेवर उभा राहतो, आणि त्याने सांगितलेली जागा तुम्ही हाताने उघडून डोळ्यांनी बघता. त्याआधीचं सगळं, म्हणजे नकाशा, पत्र, मशीनचा आवाज, हा अंदाज आहे. अंदाजाला मी नावं ठेवत नाही, त्याच्याशिवाय सुरुवातच होत नाही. पण अंदाजावर बकेट चालवायची नसते.

"मशीनने बघितलं, काही नाही" हे वाक्य तर मला सगळ्यात धोकादायक वाटतं. केबल लोकेटर तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. साध्या पॉवर मोडमध्ये त्याला वाहत्या विजेचा ५० हर्ट्झचा संकेत लागतो. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते, म्हणजे सकाळी अकराला तुम्ही लोकेटर फिरवलात तर ती केबल मशीनसाठी नसतेच. लोड नसलेली केबलही अशीच निसटते. म्हणून ट्रान्समीटर लावून, केबलवर स्वतःचा सिग्नल सोडून शोधायला हवं. त्यानेही प्लास्टिक सापडत नाही : एचडीपीईची पाण्याची पाइप नाही, एमडीपीईची गॅसची नाही, डक्टमधलं धातू नसलेलं फायबरही नाही. सोबत शोधतार, म्हणजे मशीनला सापडावी म्हणून धातूची तार, टाकलेली असेल तरच ते दिसतं. लोखंडी पाइपमध्येसुद्धा रबरी जोड असतील, तर सिग्नल जोडाजोडाला तुटतो.

मग लोक म्हणतात, ग्राउंड रडार आणू. आणा, पण नागपूरची माती विसरू नका. रडारच्या लहरी मुरमात चांगल्या उतरतात. काळ्या मातीत, आणि ती ओली असेल तर जास्तच, चिकणमाती लहरी गिळून टाकते आणि पडद्यावर वरचा थोडाच थर नीट दिसतो. दुसऱ्या शहरातल्या मातीवर घेतलेला डेमो बघून इथे जुलैमध्ये रडार भाड्याने घेणारा पैसे घालवतो आणि वर खोटा विश्वास विकत घेतो. रडार लावायचंच तर मे महिन्यात, माती कोरडी असताना.

खोलीबद्दलही तसंच. "अकरा केव्हीची केबल तीन फुटांवर असते" हे सगळ्यांना पाठ आहे. आकडा खोटा नाही. केबल टाकण्याच्या भारतीय मानकात, आयएस १२५५ मध्ये, कमी दाबाच्या केबलला ०.७५ मीटर, ३.३ ते ११ केव्हीला ०.९ मीटर आणि २२-३३ केव्हीला १.०५ मीटर खोली दिली आहे. पण ती टाकतानाची खोली आहे, आजची नाही. नागपुरात मधल्या वर्षांत किती रस्ते सिमेंटचे झाले! कुठे जुन्या डांबरावर नवा थर चढला आणि रस्ता घरांच्या ओट्यापेक्षा वर गेला, तिथे केबल आता अधिक खोल. कुठे लेव्हल राखायला आधी खरवडून काढलं, तिथे तीच केबल वर आली. सेमिनरी हिल्सच्या बाजूला थोड्याच खोलीवर पाषाण लागतो. तिथे चर घेणाऱ्याने मानक बघून खडक फोडत बसण्यापेक्षा वरच केबल टाकून काँक्रीटने झाकलेली असू शकते. आडव्या ड्रिलिंगने रस्त्याखालून नेलेली पाइप तर कमानीसारखी जाते, कडेला वर आणि मध्ये खोल. या सगळ्यात "वरचे दोन फूट जेसीबीने काढू, मग माणसं लावू" हा नियम कशाच्या आधारावर टिकतो? मला तो अजिबात मान्य नाही. खूण केलेल्या पट्ट्यात पहिल्या इंचापासून माणूस. वरचा सिमेंटचा थर फोडायला ब्रेकर लागतो हे कबूल, पण फक्त थराच्या जाडीपुरता.

चाचणी खड्डा कसा घ्यायचा, यातही एक खोट नेहमी दिसते. लाईन ज्या दिशेने जाते असं सांगितलं आहे, तिला आडवी चर घ्या, आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस घ्या. खुणेवरच एक गोल खड्डा केला आणि काही दिसलं नाही, तर लाईन नाही असं ठरत नाही, ती फूटभर बाजूला असेल. केबलला जोडाजवळ आणि खांबाजवळ मुद्दाम ढील ठेवलेली असते, ती सरळ रेषेत नसतेच. आणि हाताने म्हणजे फावड्याने. सब्बल (पहार) आणि गैती (कुदळ) हीही हातातच असतात, पण चालू केबलमध्ये टोक घुसवायला तेवढं पुरतं. माती खूप घट्ट असेल तर पाणी मारून रात्रभर मुरू द्या. वाळू, विटांची रांग किंवा पिवळी-लाल पट्टी लागली की थांबा, खाली लाईन असल्याची ती खूण असते. ती पट्टी कचरा समजून ओढून फेकणारा मजूर दिसला, तर चूक त्याची नाही, त्याला न सांगणाऱ्याची आहे.

फक्कीने, म्हणजे पांढऱ्या पुडीने, खुणा करणं बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक सर आली किंवा दोन ट्रक गेले की फक्की गेली, आणि मग ऑपरेटर आठवणीवर खोदतो. स्प्रे पेंट घ्या, आणि प्रत्येक खुणेचं अंतर जवळच्या न हलणाऱ्या वस्तूपासून, भिंतीच्या कोपऱ्यापासून किंवा चेंबरच्या झाकणापासून, मोजून लिहून ठेवा. खोदताना खूण स्वतःच उकरली जाते, तेव्हा ते मोजमापच उरतं. दाखवणारा लाईनमन गेल्यावर दोन आठवड्यांनी काम सुरू होणार असेल, तर त्याला पुन्हा बोलवा. मध्ये दुसरं कोणी काही टाकून गेलेलं असू शकतं.

घाईचं कारण सांगितलं जातं. पाण्याची लाईन फुटली, रात्रीचे अकरा, आता कुठे थांबायचं? थांबायचं परवानगीसाठी नाही. तो कागद मागाहून पुरा करता येतो. पण शेजारून जाणारी केबल उद्या सकाळी शोधून काय उपयोग? अशा रात्री झोनचा फोन लागला नाही तरी चालेल, महावितरणच्या त्या भागाच्या माणसाला मात्र उठवा.

आणि इतकं करूनही घाव बसला, तर तो लपवू नका. तुटलेली केबल लगेच कळते, लाईट जाते, कोणी तरी येतो. नुसती खरचटलेली केबल दिवसभर नीट चालते, म्हणून वर टेप गुंडाळून माती लोटली जाते. पावसाळ्यात त्या चिरेतून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी, तुमचा ठेका संपल्यावर, तिथेच स्फोट होतो. गॅसच्या पाइपवर ओरखडा असेल तर तो डोळ्यांना कितीही किरकोळ दिसो, खड्डा उघडा ठेवून माणसं लांब न्या आणि गॅसवाल्यांना बोलवा. ते येऊन बघेपर्यंत माती टाकायची नाही, आणि बघितल्यावर त्यांच्याकडून लेखी घ्यायचं की खड्डा बुजवायला हरकत नाही.