होम थिएटरचा आवाज बिघडलाय? सेट दुरुस्तीला देण्याआधी हे करून पाहा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी सेटमध्ये बिघाड नसतोच. एखादी वायर उलटी लागलेली असते, नाहीतर टीव्हीच्या मेन्यूत एखादा पर्याय चुकलेला असतो. ते तुमचं तुम्हालाच सापडावं, म्हणून हे पत्रक. पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच ऐकून बघा. चार वायरी एकदम हलवल्या, तर दोष कशाने गेला ते कळत नाही आणि तो पुन्हा आला की पहिल्यापासून सुरुवात.

आवाजच येत नाही
टीव्हीला एचडीएमआयची तीन-चार सॉकेट असली, तरी आवाज बाहेर पाठवणारं बहुधा एकच असतं. त्याच्याजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ छापलेलं असतं. वायर त्यातच हवी, आणि रिसीव्हरकडे (ज्या डब्याला सगळे स्पीकर जोडलेले असतात तो) ती ‘आउट’मध्ये. ही सोय 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आली, त्याआधीच्या टीव्हीवर ती शोधू नका. तिथे ऑप्टिकल वायर वापरा. नव्या ऑप्टिकल वायरीच्या टोकाला पारदर्शक टोपी असते, ती काढायची राहून जाते.

मागचे स्पीकर गप्प
टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, तर साध्या एआरसीवरून दोनच चॅनल, म्हणजे फक्त डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज, बाहेर पडतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा. मूळ कार्यक्रमच स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनलचा असेल, तर मात्र मागचे स्पीकर गप्प राहणं बरोबरच आहे.

संवाद कळत नाहीत, मारामारी मात्र कानठळ्या बसवते
सर्वांत जास्त तक्रार हीच, आणि लोक रिमोट हातात धरून सिनेमा बघतात तेव्हा आम्हाला खरंच वाईट वाटतं. कारण साधं आहे. सिनेमाचा आवाज मोठ्या थिएटरसाठी बांधलेला असतो. हळू कुजबूज आणि स्फोट यांत तिथे मुद्दाम मोठं अंतर ठेवतात. घरी आवाज कमी ठेवला की कुजबूज पार बुडते.

5.1 मध्ये (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. आधी त्याच्याजवळ कान नेऊन तो वाजतोय ना ते पाहा. तो कपाटाच्या खणात आत ढकललेला असेल, तर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली ठेवला असेल तर तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडे करा. खणात घुमणारा आवाज शब्द खातो. मग रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी 2 ते 3 डेसिबल वाढवा. रात्री ‘नाइट मोड’ लावा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात.

बास पातळ, आवाज विस्कटलेला
एखाद्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की हे होतं. स्पीकर एकेक वेगळा चालतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. वायरीवर खूण नसेल, तर सेट बंद करा, वायर रिसीव्हरकडून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा साधा सेल तिच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. वूफरचा (स्पीकरमधल्या मोठ्या गोलाचा) पडदा बाहेर सरकला, तर सेलच्या अधिक बाजूला टेकलेलं टोक लाल. आत गेला तर उलट.

एकाच स्पीकरमधून खरखर
सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरकडे अदलाबदल करा. खरखर त्याच स्पीकरमध्ये राहिली, तर दोष स्पीकरचा किंवा वायरीचा. दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर तो रिसीव्हरकडे किंवा त्याच्याही मागे.

सतत गुणगुण
रिसीव्हर, सबवूफर आणि टीव्ही वेगवेगळ्या प्लगवर असतील, तर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन बघा. मग केबल टीव्हीची वायर क्षणभर काढा. गुणगुण थांबली तर ती कुठून येते तो रस्ता सापडला. अर्थिंगची पिन कापून किंवा टेप लावून गुणगुण घालवू नका. ती पिन जीव वाचवते.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत
टीव्हीचा ‘गेम मोड’ लावून पाहा. आवाज चित्राच्या पुढे पळत असेल, तर रिसीव्हरमधला ‘ऑडिओ डिले’ 10-10 मिलिसेकंदांनी वाढवा.

रिसीव्हर मध्येच बंद पडतो
स्पीकरच्या वायरी रिसीव्हरला जिथे लागतात, त्या टर्मिनलपाशी तांब्याचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. प्लग काढून टॉर्चने बघा, तार नीट पिळून पुन्हा लावा. वरची जाळी झाकलेली नसावी. तरीही तो पुन्हा बंद पडला, किंवा जळका वास आला, तर चालू करून बघू नका. प्लग काढा आणि आम्हाला बोलवा. आम्ही येण्याआधी मॉडेल नंबर आणि तुम्ही काय काय बदलून पाहिलं ते लिहून ठेवा.