नाकातून मीठ गाळणारा सुरय

बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा-छत्तीसगड ओलांडून विदर्भावर आला आणि दोन दिवस नागपूरला झोडपून गेला, की व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा धूसर फोटो फिरू लागतो. तलावाकाठी बसलेला काळा-पांढरा, लांब पंखांचा पक्षी आणि खाली प्रश्न, "हा कोणता?" पक्षी कुणाच्या हाती लागला असेल तर व्हिडिओही असतो. चोचीवरून थेंब ओघळताहेत आणि वर ओळ: "घर हरवलेला पक्षी रडतोय."

बहुतेक वेळा तो आपला नेहमीचा नदी सुरय (रिव्हर टर्न) निघतो. पण वादळानंतर समुद्रावरचे पक्षी देशाच्या पार आतल्या भागात सापडल्याच्या नोंदी आहेत आणि त्यात सूटी टर्न, म्हणजे काळ्या पाठीचा समुद्री सुरय, हे नाव येतं. नागपूरहून सरळ रेषेत सर्वांत जवळचा किनारा आंध्रचा, साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर. अंतर मोठं आहे, पण वादळं ते कापतात. २६ सप्टेंबर २०२१ला कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा करत थेट अरबी समुद्रात उतरले आणि तिथे त्यांचं 'शाहीन' चक्रीवादळ झालं. अशा फिरत्या वाऱ्यात अडकलेला पक्षी वाऱ्यासोबत पुढे सरकत राहतो. जोर ओसरला की खाली दिसेल त्या पाण्याकडे उतरतो, मग ते अंबाझरी असो, गोरेवाडा असो की वडगावचा जलाशय.

आता ओळख. सूटी टर्न साधारण ३३ ते ३६ सेंटीमीटर लांब असतो. लांबी कबुतराएवढी, पण वजन जेमतेम दोनशे ग्रॅमच्या आसपास. नदी सुरयाची पाठ राखाडी, चोच पिवळी, पाय लाल. हे तिन्ही दिसलं तर पुढे जायची गरजच नाही. व्हिस्कर्ड टर्न या दुसऱ्या सुरयाचं विणीच्या दिवसांत पोट काळपट होतं, पाठ मात्र राखाडीच राहते. सूटीचं बरोबर उलटं: वरून काळा, खालून पांढरा. चोच आणि पायही काळे.

खरी गफलत होते ती ब्रायडल्ड टर्नशी. हा सूटीचा जवळचा नातलग, वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर घरटी करणारा. त्याचाही कपाळपट्टा पांढरा आणि पाठ गडद. इथे डोळ्याजवळ बघायचं. सूटीच्या कपाळावरचा पांढरा डाग रुंद असतो आणि डोळ्याशी येऊन थांबतो. ब्रायडल्डचा अरुंद असतो आणि भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. दुसरी खूण मानेची. सूटीचं डोकं आणि पाठ सलग काळी, मध्ये फट नाही; ब्रायडल्डच्या काळ्या टोपीखाली फिकट कॉलर असते आणि पाठ राखाडी-तपकिरी. तिसरी खूण उडताना, पंखाच्या खालच्या बाजूला. सूटीची टोकाची मोठी पिसं खालून गडद असतात आणि पुढच्या पांढऱ्या भागापासून ठळक वेगळी दिसतात. ब्रायडल्डमध्ये ही सीमा पुसट असते.

फोटोत फसवणारी गोष्ट म्हणजे एक्स्पोजर. ढगाळ आकाशासमोर कॅमेरा पक्ष्याला काळा करतो आणि त्याची भरपाई करायला गेलं की काळी पाठ तपकिरी दिसते. शिवाय सूटीची झिजलेली जुनी पिसं खरोखरच तपकिरी पडतात. म्हणून पाठीच्या रंगावर निकाल देऊ नये. डोळ्याजवळचा पट्टा आणि मान स्पष्ट दिसेल असा बाजूचा एक फोटो हवाच. सूटीचं पिल्लू तर आणखी गोंधळात टाकतं. ते गळ्यापासून छातीपर्यंत काळपट असतं आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. कपाळ पांढरं नाही म्हणून "हा सुरयच नाही" असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात.

आता त्या थेंबांकडे.

समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. माणसाने एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना सुमारे १३५० मिलिलिटर लघवी करावी लागते. म्हणजे पिऊन वर ३५० मिलिलिटरचा तोटा. पक्ष्याचं मूत्रपिंड या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार नाही. मग वर्षानुवर्षं समुद्रावर राहणारा पक्षी तहानेने मरत कसा नाही?

उत्तर डोळ्यांच्या वर आहे. कवटीच्या हाडात प्रत्येक डोळ्याच्या वर एक उथळ, चंद्रकोरीसारखी खाच असते आणि तिच्यात एक ग्रंथी बसलेली असते. तिची नळी नाकाच्या पोकळीत उघडते. या ग्रंथींचं काम १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नीलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. त्यांचा एक प्रयोग बघण्यासारखा आहे. त्यांनी १४२० ग्रॅमच्या एका समुद्री कुरवाला (गल पक्ष्याला) १३४ मिलिलिटर समुद्राचं पाणी पाजलं, म्हणजे वजनाच्या जवळजवळ एक-दशांश. पुढच्या १७५ मिनिटांत नाकातून ५६.३ मिलिलिटर द्रव आला आणि मागून ७५.२ मिलिलिटर. नाकातल्या द्रवात ४३.७ मिलिमोल (रसायनाचं प्रमाण मोजायचं एकक) सोडियम होतं, मागच्यात फक्त ४.४१. द्रव कमी, सोडियम दहापट! १०० मिलिलिटर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ सुमारे ६० मिलिलिटरमध्ये बाहेर जातं आणि ४० मिलिलिटर निखळ गोडं पाणी शरीराला मिळतं, असा तो हिशेब.

हे घडतं कसं? रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढलं की मज्जातंतूमार्फत ग्रंथीला इशारा जातो आणि तिचा रक्तपुरवठा एकदम वाढतो. ग्रंथीत असंख्य बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप खच्चून भरलेले असतात. हा पंप एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं इंधन, खर्चून पेशीतलं सोडियम सतत बाहेर रक्ताकडे ढकलतो. ऐकायला उलटं वाटेल, कारण मीठ तर नळीकडे जायला हवं. पण पेशीत सोडियम कमी राहिल्यामुळेच त्याच बाजूचं दुसरं दार चालतं: एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आयन एकत्र आत घेणारं वाहक प्रथिन. आत आलेलं सोडियम पंप परत बाहेर फेकतो, पोटॅशियम आपल्या वाटेने रक्ताकडे परततं, क्लोराइड मात्र पेशीत साठत जातं आणि नळीकडच्या बाजूच्या छिद्रांतून नळीत निसटतं. तिथे ऋण प्रभार जमतो. त्या ओढीने रक्ताकडचं सोडियम दोन पेशींच्या मधल्या सांध्यांतून नळीत उतरतं. म्हणजे सोडियमचा पंप प्रत्यक्षात क्लोराइडचं काम करतो आणि सोडियम मागच्या दाराने स्वतः चालत येतं. त्यात नळीतला स्राव एका दिशेला वाहतो आणि भोवतालचं रक्त विरुद्ध दिशेला. शेवटी हाती येतो तो रक्ताच्या पाचपट सोडियम असलेला द्रव, जो नाकपुडीतून चोचीच्या टोकाशी येतो आणि पक्षी मान झटकून तो उडवतो.

तेव्हा व्हिडिओतला पक्षी रडत नाही आणि त्याला सर्दीही झालेली नाही. स्वच्छ, पाण्यासारखा थेंब असेल तर ग्रंथी ठीक चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. घट्ट, पिवळट स्राव असेल तर गोष्ट वेगळी, तो पशुवैद्याचा विषय. "असा पक्षी दिसला की संकट येतं" असं म्हणणाऱ्यांनी क्रम तपासावा: आधी वादळ, मग पक्षी. वादळाचा अंदाज सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राने त्याआधीच दिलेला असतो.

अंधश्रद्धेसोबत थोडी अतिशयोक्तीही छाटू. "हा पक्षी दहा वर्षं न उतरता उडतो" असं इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळतं. पिल्लू उडायला लागल्यावर काही वर्षं जमिनीवर येत नाही, हे खरं. त्याची पिसं पाण्यात लवकर भिजतात, त्यामुळे ते बदकासारखं तरंगत बसत नाही, हेही खरं. पण पायाला बांधलेल्या छोट्या यंत्रांनी दाखवलंय, की तो पाण्याला टेकतो; फक्त एकूण वेळेच्या पाच टक्क्यांहूनही कमी. खाणं उडता उडताच. खालून कुपा म्हणजे ट्यूना माशांचे थवे बारक्या माशांना वर हुसकावतात आणि हा वरून टिपतो. पुरेशी वाढ होऊन तो परततो तो बेटावर, एकच अंडं घालायला. लक्षद्वीपमधल्या पिट्टीसारख्या निर्मनुष्य बेटावर वाळूतच अंडं ठेवतो. नर-मादी मिळून सुमारे चार आठवडे ते उबवतात, किंबहुना भर उन्हात त्यावर सावली धरतात. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर तर त्यांची वीण वर्षाऐवजी साधारण ९.६ महिन्यांनी येते.

नागपुरात असा पक्षी जमिनीवर सापडला तर तो बहुधा उपाशी आणि थकलेला असतो. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून ठेवावा, अंधार आणि शांतता द्यावी, फॅनखाली ठेवू नये. चोच उघडून पाणी ओतू नये; ते श्वासनलिकेत जातं. "समुद्रातला आहे" म्हणून मिठाचं पाणी तर मुळीच नको: शरीरात पाणीच कमी असलेल्या पक्ष्याच्या रक्तात मीठ आधीच चढलेलं असतं आणि ते उपसायला ग्रंथीला पाणी हवं असतं. दूध-पोळी नको, बादलीत तरंगवू नको, टेरेसवरून हवेत फेकू नको. १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवावं किंवा पक्षी थेट सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्यावा.

तिथल्या उपचारातही ही ग्रंथी आडवी येते. गोड्या पाण्यावर काही आठवडे राहिलेल्या समुद्री पक्ष्याची ग्रंथी काम नसल्याने आक्रसते. तो ठणठणीत होऊन सरळ समुद्रावर सोडला, तर पहिल्याच दिवशी मिठाचा भार त्याला झेपत नाही. म्हणून मुक्काम लांबला, की सोडण्याआधी काही दिवस पशुवैद्याच्या देखरेखीत आहारातलं मीठ हळूहळू वाढवतात; ग्रंथी पुन्हा फुगते. सोडायचं ते मात्र किनाऱ्यावरच, नागपूरच्या फुटाळा तलावावर नाही. आणि पक्षी दगावलाच तर पुरून टाकू नये. बाजूने, पाठीवरून आणि पंख पसरून खालून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावेत आणि पक्षी वन विभागाकडे द्यावा.