बटाटा (शब्द)

बटाटा हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा 'बताता' मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि ताइनोंच्या तोंडी त्याचा अर्थ होता रताळे. वनस्पतिशास्त्राने हा अर्थ जपला आहे : रताळ्याचे शास्त्रीय नाव 'इपोमिया बटाटास', तर बटाट्याचे 'सोलॅनम ट्युबरोसम'. दोघांची कुळेही वेगळी.

खरा बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या केचुआ भाषेत तो 'पापा'. स्पेनमध्ये 'बताता' आणि 'पापा' एकमेकांत मिसळून 'पताता' झाले आणि त्यावरून इंग्रजीचा 'पोटॅटो' आला. पोर्तुगिजांनी मात्र रताळ्याचे नाव जसेच्या तसे बटाट्याला दिले आणि रताळ्याला 'गोड बताता' म्हणू लागले. 1510मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेला. पुढे कोकणी, मराठी आणि गुजराती या किनाऱ्यालगतच्या भाषांनी हेच नाव उचलले.

हिंदीतला 'आलू' संस्कृत 'आलु'वरून आला. हा शब्द अमेरिकेतला बटाटा इथे येण्याच्या कितीतरी आधीचा, देशी कंदांसाठी वापरला जाणारा. मराठीने तो बटाट्याला दिला नाही, पण टाकलाही नाही. 'रताळे' म्हणजे 'रक्तालु', तांबडा आलु. आणि वडीच्या 'अळू'चे मूळही तेच. म्हणजे आपल्या बटाट्याने रताळ्याचे नाव घेतले आहे आणि रताळ्याच्या नावात हिंदीतला आलू दडला आहे. मराठी खाद्यशब्दांत इतकी सुरेख अदलाबदल क्वचितच सापडेल.

ही दोन्ही पिके बेळगाव तालुक्यात वर्षानुवर्षे घेतली जातात. बेळगुंदी, उचगाव या पश्चिमेकडच्या गावांतल्या तांबड्या जमिनीत पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावतात. इथली रताळी पार दिल्लीच्या बाजारापर्यंत जातात. बेळगावच्या मार्केट यार्डात स्थानिक बटाट्याला 'जवारी' म्हणतात, म्हणजे गावरान. हा शब्द कन्नड आणि मराठी दोघांच्याही रोजच्या बोलण्यातला. बाहेरून येणारा तो 'इंदूर' किंवा 'आग्रा'.

इथल्या कन्नडचे ऐकण्यासारखे आहे. पुस्तकी कन्नडमध्ये बटाटा म्हणजे 'आलूगड्डे' : उत्तरेचा आलू आणि कन्नडचा 'गड्डे', म्हणजे कंद. आपल्या कांद्या-लसणाच्या 'गड्ड्या'शी तो सहज जुळतो. बेळगाव-धारवाडकडच्या बोलीत मात्र 'बटाटे' हेच चालते. त्यामुळे बाजारात मराठी बाई आणि कन्नड विक्रेता यांना या एका भाजीसाठी तरी दुभाषा लागत नाही. रताळ्याला कन्नडमध्ये 'गेणसु' म्हणतात. परदेशी कंदाला दिलेले हे घरचे जुने नाव. टॅपिओकाचा, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो, कंद आला तेव्हा तोही 'मरगेणसु' झाला, झाडाचा गेणसु.

एकादशीला आणि महाशिवरात्रीला मराठी घरांत रताळे व बटाटा दोन्ही उपवासाला चालतात.