डार्क अँड डार्कर : पात्रवर्ग

डार्क अँड डार्कर या दक्षिण कोरियन व्हिडिओ गेममधील पात्रांचे प्रकार. खेळाडू त्यांना सरसकट ‘क्लास’ म्हणतात. आयर्नमेस या स्टुडिओचा हा गेम ७ ऑगस्ट २०२३ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुला, असा आला. अंधाऱ्या तळघरात शिरायचे, राक्षसांशी आणि इतर खेळाडूंशी झुंजत माल गोळा करायचा आणि पोर्टल गाठून सुटायचे, असा हा खेळ. आत मेलात तर अंगावरचे चिलखत आणि पिशवीतला माल, दोन्ही गेले. म्हणून इथे क्लास निवडताना ‘मारतो किती’ हे विचारून भागत नाही. ‘जीव घेऊन पळतो कसा’ हेही पाहावे लागते.

सुरुवातीच्या चाचण्यांत सहा क्लास होते : फायटर, बार्बेरियन, रोग (इंग्रजी Rogue, म्हणजे चोरटा), रेंजर, विझार्ड आणि क्लेरिक. बार्ड, वॉरलॉक, ड्रुइड आणि सॉर्सरर यांची भर पुढे पडली. घराणे उघडच डंजन्स अँड ड्रॅगन्सचे. १९७४ च्या त्या टेबलावरच्या खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक एवढे तीनच वर्ग होते.

जुन्या परंपरेची खूण सर्वांत ठळक दिसते ती विझार्डमध्ये. त्याचे मंत्र आधी ठरवून ‘स्मरणात’ ठेवावे लागतात आणि प्रत्येक मंत्र मोजक्याच वेळा चालतो. साठा संपला की खाली बसून विश्रांती घ्यायची. शेकोटी पेटवली तर तो लवकर भरतो. तोवर हा माणूस म्हणजे हातात काठी धरलेले सावज. त्याच्या फायरबॉलला आपला-परका कळत नाही. अरुंद बोळात पुढे साथीदार असताना तो सोडला, तर शत्रूसोबत साथीदारही भाजून निघतो. नवख्या विझार्डला शिव्या पडतात त्या बहुतेक यामुळेच.

बार्बेरियन याच्या अगदी उलट. ‘क्रश’ हा गुण घेतलेला बार्बेरियन कुलूपबंद पेटीपुढे किल्ली शोधत बसत नाही, पेटीच फोडतो. रोगचे आयुष्य तोळामासा, दोन घावांत आडवा होतो. पण ‘हाइड’ वापरून तो अदृश्य होतो, आणि योग्य गुण घेतला तर चालत्या माणसाचा खिसाही कापतो. न लढता श्रीमंत होण्याची सोय एवढी चोख दुसऱ्या कोणत्याच क्लासला नाही. फायटर सर्वांत सरळ : जड चिलखत, ढाल आणि ‘सेकंड विंड’ने भरून येणारी जखम. मात्र चिलखत जितके जड तितकी चाल मंद, आणि पळणाऱ्याला गाठता आले नाही तर तलवारीचा काय उपयोग? रेंजर दुरून बाण मारतो आणि वाटेत सापळे लावून ठेवतो.

नंतरच्या चौघांत बार्ड सर्वांत कल्पक. तो वाद्य वाजवून साथीदारांचे बळ वाढवतो, आणि सूर सोडण्याची वेळ अचूक साधली तर परिणाम वाढतो. वॉरलॉकच्या मंत्रांची किंमत त्याच्याच आयुष्यातून वजा होते. ड्रुइड अस्वल, बिबट्या, उंदीर किंवा चक्क कोंबडी होतो. सॉर्सरर दोन मंत्र जोडून तिसरा घडवतो.

एकाच क्लासचे दोन खेळाडूही सारखे नसतात. प्रत्येकाला जास्तीत जास्त चार ‘पर्क’ (‘क्रश’सारखे अंगचे गुण) आणि दोन ‘स्किल’ (‘हाइड’सारखी हवी तेव्हा वापरायची कौशल्ये) निवडता येतात. पर्कचे रकाने पात्राची पातळी वाढेल तसे उघडतात. कुठल्याही क्लासची ताकद अपडेटमागून अपडेट वर-खाली होते. काल ज्याला सगळे घाबरत होते, तो आज साधा वाटतो.

तिघांच्या टोळीत क्लेरिक असला की बाकीचे दोघे जरा बेफिकीर होतात. जखमा भरण्यापलीकडे मेलेल्याला उठवण्याचा मंत्रही त्याच्याकडे असतो. तो नसेल तर मेलेल्या साथीदाराचे काळीज प्रेतातून काढून वेदीपर्यंत न्यावे लागते, आणि त्याला परत आणताना स्वतःचे आयुष्यही थोडे खर्चावे लागते.