घडीवर विरलेलं रेशीम

आजोबांचा सोवळ्याचा कद, म्हणजे पूजेला नेसायचं रेशमी वस्त्र, ट्रंकेतून काढला, तेव्हा त्याचा जांभळा रंग अजून शाबूत होता. उलगडायला घेतला आणि घडीवर कापड सरळ रेषेत उललं. कसर लागलेली नव्हती, उंदरानं कुरतडलेलं नव्हतं. काठ धड, मधलं अंग धड. फक्त जिथे घडी, तिथे चीर. आजीनं घातलेली ती घडी कित्येक वर्षांत कुणी मोडली नव्हती.

असं का होतं, हे समजायला कोशापासून सुरुवात करावी लागते. रेशमाचा किडा दोन अतिसूक्ष्म तंतू एकाच वेळी बाहेर सोडतो आणि ते सेरिसिन नावाच्या डिंकाने चिकटवतो. एका कोशातून साधारण ६०० ते ९०० मीटर सलग धागा निघतो. हा डिंक उकळून काढला की आत उरतं ते फायब्रोइन, म्हणजे प्रथिन. त्याच्या साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना घट्ट चिकटून, शिस्तीत रचलेल्या असतात. रेशमाची ताकद तिथली. मधल्या जागी त्याच साखळ्या सैल, गुंतलेल्या असतात. रेशमाचा लवचिकपणा तिथला. ऊन, घाम आणि साबणाचा खार आधी या सैल जागांवर घाला घालतात. त्यामुळे जुनं रेशीम दिसायला तसंच राहतं, पण वाकायचं विसरतं. घडीवर बाहेरच्या बाजूचे तंतू ताणलेले असतात, आतले दबलेले. वर्षानुवर्षं तोच ताण त्याच रेषेवर पडत राहतो, आणि एक दिवस उलगडताना ते तंतू तुटतात.

डिंक काढला की रेशमाचं वजन जवळजवळ पाव भागाने घटतं. रेशीम वजनावर विकलं जायचं, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ही घट कथलाच्या क्षारांनी भरून काढू लागले. कापड जड पडे, सळसळे, भारी वाटे. आज त्या काळातली कितीतरी जाकिटं आणि अस्तरं, फारशी न वापरताही, उभ्या चिरांनी भरलेली सापडतात. त्या क्षारांनी प्रथिन आतून पोखरलेलं असतं. या चिरांवर आजही खरा इलाज नाही.

आपल्याकडच्या शिंप्यांनी मात्र रेशमाचा स्वभाव ओळखून कपडा बेतला होता, असं मला अंगरखा पाहताना नेहमी वाटतं. अंगरख्यात बहुतेक तुकडे सरळ कापलेले, कापड वाया न घालवणारे. खालचा घेर तिरक्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे, जोडून आणलेला. छातीवर बांधायचे बंद, बटणं नाहीत, त्यामुळे ताण एका जागी न पडता वाटला जातो. काखेत एक चौकोनी तुकडा, चौबगला. हात वर केला की तो उघडतो आणि बाहीच्या शिवणीवर ओढ येत नाही. घाम सगळ्यात जास्त तिथेच येतो, म्हणून सगळ्यात आधी हा तुकडाच विरतो. पण तो वेगळा तुकडा असल्याने उसवून नवा बसवता येतो. आत सुती अस्तर असलं तर अंगाचा घाम ते आधी पितं. जुना अंगरखा हातात आला तर आधी काख पाहावी. चौबगल्याचा रंग बाकीच्या कापडापेक्षा ताजा दिसला, तर तो एकदा तरी बदलला गेला असावा.

मशरू नावाचं कापड विणणाऱ्यांनी तर अस्तराचं काम मागावरच उरकलं. ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवे, सुताचा. वीण सॅटिनची, म्हणजे रेशमाचा धागा सुताच्या अनेक धाग्यांवरून जातो आणि एकाखाली बुडतो. वर सगळं रेशीम दिसतं, अंगाला लागतं ते सूत. मुसलमान पुरुषांना शुद्ध रेशीम वापरण्याला धार्मिक मनाई, म्हणून ही युक्ती. मशरू या शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य असलेलं’. औरंगाबादचं हिमरू हे कापडही सूत आणि रेशीम मिळून होतं, आणि त्याच्या शेरवान्या शिवल्या जात. पण सॅटिनच्या विणीत वर तरंगणारे हे लांब धागेच आधी घासले जातात. जुन्या मशरूवर कोपरापाशी रेशीम उडून खालचं सूत उघडं पडलेलं दिसतं ते याचमुळे.

पुन्हा कदाकडे येते. सोवळ्याचं रेशीम घरात, उंच वलणीवर, काठीने वाळत टाकायचं, कारण त्याला कुणाचा हात लागता कामा नये. शिवाशिवीच्या त्या रिवाजाचं समर्थन मी करणार नाही. पण त्यामुळे ते सावलीत वाळलं, हेही खरं. नैसर्गिक तंतूंमध्ये रेशमाइतकं उन्हाला हळवं क्वचितच दुसरं काही असतं. आणि ते धुवायचं तर रिठ्याने, सोड्याने नव्हे. खार सुताला सोसतो, रेशमाला सोसत नाही.

जरीचं दुखणं निराळं. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, बहुधा वरून सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. तो काळेपणा घासून काढताना चांदीही निघते आणि मुलामा तर जातोच, म्हणून काळी पडलेली जर तशीच राहू द्यावी. घडीवर आली तर हीच तार आतला धागा कापते.

म्हणून कद किंवा शेला कधीच घडी घालून ठेवू नये, गुंडाळावा. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मांजरपाट चढवायचं, खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेलं, आणि त्यावर कापड सैलसर गुंडाळायचं. अंगरखा हँगरवर टांगला तर घेराचं सगळं वजन खांद्याच्या शिवणींवर येतं. तो आडवा ठेवावा, बाह्यांत आणि कळ्यांच्या दुमडीत मऊ कापडाच्या सुरळ्या सारून. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. नॅफ्थलीनच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नयेत. संग्रहालयं अशा कपड्यांवर जेमतेम ५० लक्स उजेड पडू देतात, तोही थोडे दिवस.

आणि फाटलेलं शिवू नये. नवा घट्ट धागा विरलेल्या रेशमाला शेजारून पुन्हा कापतो. संवर्धक चिरेखाली त्याच रंगात रंगवलेलं तलम रेशीम सरकवतात आणि केसासारख्या धाग्याने, विणीच्या फटींतून सुई काढत, लांब सैल टाके घालतात. उद्या कुणाला ते काढावंसं वाटलं तर निघाले पाहिजेत, ही त्यातली अट.

माझ्या कदाच्या चिरा तशाच आहेत. आता तो नळीवर असतो, आणि दर दिवाळीआधी आम्ही दोघं-तिघं मिळून तो पलंगावर उलगडतो. या वर्षी नवी चीर दिसली नाही.