तुरटी फिरवली की पाणी शुद्ध होतं का?

पावसाळा लागला की तोच मेसेज फिरतो: गढूळ पाण्यात तुरटी फिरवा, निवळलं की बिनधास्त प्या.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पिढ्यान्पिढ्या टिकलंय. तुरटीने मातीचे बारीक कण चिकटून जड होतात, हंड्याच्या तळाशी बसतात, सोबत काही जंतूही खाली जातात, पण ते मरत नाहीत आणि वरच्या नितळ पाण्यात जुलाब-कावीळवाले जे उरतात ते डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून तुरटी ही फक्त पहिली पायरी. वरचं पाणी अलगद काढा, गाळा, मग खळखळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवा. क्रम उलटा नको, गढूळ पाण्यात क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं.

खात्री करायचीय? गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणाऱ्या मंडळाच्या पोरांकडे ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची, बाटली असेल तर बघा, नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. आणि जंतू आहेत का ते बघायला एचटूएसची तपासणी-बाटली, पाणी भरून 24 ते 48 तास ठेवायची, काळं पडलं तर ते पाणी तसंच पिऊ नका. तुरटीने निवळलेलं पाणी एकदा तिच्यात भरून बघाच.