चाचणी कोणासाठी? डिपोटीच्या भेटीपासून पाचवी-आठवीच्या फेरपरीक्षेपर्यंत

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे ठेवलेलं निवेदन आपल्याला आठवतं ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीमुळे. त्याच निवेदनात शाळा तपासणीबद्दलही एक तक्रार आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा शाळेला फारसा उपयोग होत नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि मधूनमधून कुणी न कळवताही यावं, असं फुल्यांनी सुचवलं होतं. त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या. वर्षाच्या शेवटी एका दिवसात मुलाचं शिकणं मोजलं की काय निसटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

हा डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणजे गावकऱ्यांचा 'डिपोटी'. तो येणार म्हणून शाळा सारवली जायची, मुलांकडून ठरावीक धडे घोटून घेतले जायचे. या घोटण्यामागे पैशाचंही कारण होतं. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने नवी संहिता आली. वाचन, लेखन आणि अंकगणितात किती मुलं निरीक्षकापुढे उत्तीर्ण होतात, त्यावर शाळेचं अनुदान ठरू लागलं. 'निकालावर अनुदान' ही पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. मुलाच्या उत्तरावर शाळेची मिळकत अवलंबून असेल, तर शिक्षक मुलाला काय समजलं हे विचारत बसणार नाही. निरीक्षक काय विचारेल, याचाच अंदाज तो बांधणार. आपल्याकडच्या 'अपेक्षित प्रश्नां'चं मूळ मला इथे दिसतं.

वरच्या टोकाला विद्यापीठ होतं. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिक होती विद्यापीठात प्रवेश देण्यासाठीची परीक्षा. शाळेत मूल काय शिकलं हे सांगणं तिचं काम नव्हतंच. पण सरकारी नोकरीची किल्ली तिच्याकडे गेली आणि इंग्रजी शाळांचा सगळा अभ्यासक्रम तिच्या तोंडाकडे बघून आखला जाऊ लागला. मराठी शाळांत तीच जागा सातवीनंतरच्या व्हर्नाक्युलर फायनलने घेतली. 'फायनल झालेला' माणूस मास्तर होऊ शकत असे, त्यामुळे एका परीक्षेच्या धाटणीत वाढलेले लोकच पुढच्या पिढीला शिकवू लागले. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावात परीक्षांचं स्तोम बेसुमार वाढल्याची कबुली खुद्द कर्झनच्या सरकारने दिली. ते स्तोम मात्र कमी झालं नाही.

या सगळ्या काळात मास्तरांच्या हातात वर्गासाठीची चाचणी अशी नव्हतीच. तिमाही, सहामाही, नऊमाही, वार्षिक या साऱ्या मोठ्या परीक्षेच्या रंगीत तालमी होत्या.

विसाव्या शतकात प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहिला. मुलांना मोजणारी फूटपट्टी तरी सरळ आहे का, असं काहींनी विचारलं. अमेरिकेत १९१२-१३ मध्ये स्टार्च आणि इलियट यांनी एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीसारख्या, जिथे बरोबर-चूक स्पष्ट असतं असं आपण धरून चालतो त्या विषयातही, त्याच पेपरला कुणी १०० पैकी २८ गुण दिले, तर कुणी ९० च्या वर. कुणी मांडणीला गुण दिले, कुणी फक्त उत्तर पाहिलं, कुणी खाडाखोडीचे कापले.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधला आहे आणि त्याचा आपल्या उपखंडाशी संबंध आहे. सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणाचा आढावा घेणारी १९२९ ची हार्टॉग समितीही त्यांचीच. त्यांनी रोड्स या सहकाऱ्यासोबत इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. १४ परीक्षकांचे मिळून २१० निर्णय झाले. त्यातल्या ९२ ठिकाणी परीक्षकाने आपलाच आधीचा निर्णय बदलला होता. १९३५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली. ज्याने कधी पेपरांचे गठ्ठे तपासले आहेत, त्याला याचं नवल वाटणार नाही. सकाळचा पहिला पेपर आणि रात्रीचा चाळिसावा पेपर एकाच मापाने मोजणं फार अवघड असतं. समोर नमुना उत्तर आणि गुणांची फोड लिहून ठेवली नसेल, तर अशक्यच.

स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, अशा अर्थाचं मत नोंदवलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी बाह्य परीक्षा कमी करण्याची, वस्तुनिष्ठ प्रश्न आणण्याची आणि मुलाच्या वर्षभराच्या कामाची नोंद ठेवण्याची शिफारस केली. त्याच दशकात अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले. शैक्षणिक उद्दिष्टांची त्यांची वर्गवारी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला आणि पुढे तो एनसीईआरटीत सामावला. शिक्षकांसाठी प्रश्न कसा लिहावा याच्या कार्यशाळा देशभर झाल्या. माझ्या मते आपल्याकडच्या मूल्यमापनाच्या इतिहासातला हा सर्वांत आशादायक काळ होता. कारण इथे पहिल्यांदाच चर्चा परीक्षा ठेवायची की काढायची यावरून हलून प्रश्नावर आली.

बीएड, डीएड केलेल्या प्रत्येकाच्या वहीत या काळाची खूण आहे: संविधान तक्ता. घटक चाचणी काढण्याआधी उद्दिष्टांनुसार, घटकांनुसार आणि प्रश्नप्रकारांनुसार भारांश, म्हणजे कशाला किती गुण, ते ठरवायचं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने आखायचे. काठिण्यपातळी पाहायची आणि मग प्रश्न लिहायचे. तीन धड्यांच्या चाचणीत दोन धड्यांवरचेच प्रश्न येणं, किंवा पंचवीसपैकी वीस गुण निव्वळ पाठांतराला जाणं, हे या एका तक्त्याने टळतं. प्रत्यक्षात बहुतेकांनी आधी प्रश्न लिहिले आणि मग तक्ता भरून त्याची बेरीज जुळवली. मीही तसंच केलं होतं. तक्ता कशासाठी आहे ते मला पुष्कळ पुढे, वर्गावर आल्यानंतर कळलं.

उपयोजनाचा प्रश्न म्हणजे काय, याबद्दलही मोठा घोळ राहिला. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' हा आठवणीचा प्रश्न आणि 'पावसाळ्यात कपडे वाळायला वेळ का लागतो?' हा उपयोजनाचा, असं शिकवलं गेलं. पण दुसरा प्रश्न गाइडात उत्तरासह छापला गेला की त्याच क्षणी तोही आठवणीचा होतो. उपयोजन प्रश्नाच्या शब्दांत नसतं. मुलाने तो प्रसंग आधी पाहिला आहे की नाही, यावर ते ठरतं. म्हणून चांगला प्रश्न त्या वर्गाला काय आणि कसं शिकवलं हे माहीत असलेल्या शिक्षकालाच लिहिता येतो. मंडळाला तो दुरून लिहिता येत नाही, बाजारातून विकत आणलेल्या छापील प्रश्नपत्रिकेत तर तो सापडणारच नाही.

बहुपर्यायी प्रश्नांचंही तेच. आपल्याकडे ते चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून घरोघर पोचले आणि पटापट गोल काळे करण्याची परीक्षा अशीच त्यांची ओळख झाली. खरं तर त्यांची ताकद चुकीच्या पर्यायांत असते. ०.८, ०.३५ आणि ०.१२७ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारल्यावर ०.१२७ निवडणारं मूल अंदाजाने गोल काळं करत असेलच असं नाही. १२७ ही ३५ पेक्षा आणि ८ पेक्षा मोठी, हा पूर्ण संख्यांचा नियम ते दशांश चिन्हानंतरही लावत असतं. एका पर्यायावरून शिक्षकाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय घ्यायचं ते कळतं. पर्याय नुसतेच भरतीचे असतील तर काहीच कळत नाही.

१९६६ मध्ये कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाने दोन गोष्टी अगदी नेमक्या सांगितल्या. मंडळाच्या प्रमाणपत्रावर विषयवार कामगिरी असावी, सबंध परीक्षेत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शेरा नसावा. आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन वेगळं दाखवावं, बाह्य परीक्षेच्या गुणांत ते मिसळू नये. दोन्ही मोजमापं वेगवेगळ्या कामांची आहेत, त्यांची बेरीज केली की दोन्ही बिघडतात, हे त्यामागचं कारण.

आपण बेरीज केली. दहावीला लेखी ८० आणि तोंडी वा अंतर्गत २० अशी रचना रूढ झाली आणि बहुतेक ठिकाणी ते २० गुण सढळ हाताने दिले गेले. २०१८-१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून टाकले, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. गुण काढले त्या २०१८-१९ च्या वर्षी अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण त्या २० गुणांच्या माथी मारता येणार नाही. तरी तीन वर्षांत मुलांचं शिकणं असं खाली-वर झालं असेल, हे कुणालाच पटणार नाही.

दरम्यान जगात आणखी एक शब्दजोडी आली होती. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये घडत असताना सुधारण्यासाठीचं आणि घडून गेल्यावर निवाड्यासाठीचं असं दोन प्रकारचं मूल्यमापन वेगळं केलं. ब्लूम यांनी ते वर्गात आणलं. १९९८ मध्ये ब्लॅक आणि विल्यम यांनी असंख्य अभ्यास चाळून दाखवलं की शिकवता शिकवता केलेली तपासणी आणि त्यावरचं नेमकं मार्गदर्शन यांनी मुलांचं शिकणं लक्षणीय सुधारतं, मागे पडलेल्यांचं तर अधिकच. स्क्रिव्हन यांच्या त्या दोन प्रकारांतल्या पहिल्याला मराठीत आपण आकारिक म्हणतो आणि दुसऱ्याला संकलित.

हे शब्द महाराष्ट्राच्या प्रत्येक शाळेत पोचले ते शिक्षण हक्क कायद्यामुळे. २००९ च्या या कायद्याच्या कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलं आणि कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला मनाई केली. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यातली पद्धत ठरली. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३०, आणि वाढत्या इयत्तेबरोबर हे प्रमाण बदलत सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकची साधनं विचारपूर्वक निवडलेली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. त्यात पुस्तक उघडून लिहायची चाचणीसुद्धा होती.

पण कलम १६ आणि कलम २९ लोकांच्या मनात एकत्र झाले. 'परीक्षा बंद, आता सगळे पास' असं पालक म्हणू लागले आणि अनेक शिक्षकही. मुलाला वर्गात मागे न ठेवणं आणि त्याला काय येत नाही ते न पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने फक्त पहिली सांगितली होती. शिक्षकांच्या वाट्याला मात्र रकाने आले. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' या तीन शीर्षकांखाली दर मुलाच्या, दर विषयाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. पन्नास मुलांचा वर्ग असलेला शिक्षक हे कसं करणार होता? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. 'वाचनात गती आणणे आवश्यक' हे एकच वाक्य हजारो मुलांच्या प्रगतिपत्रकांवर उतरलं. नोंद आधी विद्यार्थ्याकडे पाहून सुचायला हवी होती. ती पुस्तिका पाहून सुचू लागली, तेव्हाच आकारिक मूल्यमापन संपलं. मी याचा दोष एकट्या शिक्षकांना देणार नाही. प्रश्न लिहिण्याचं आणि उत्तरातली चूक वाचण्याचं शिक्षण न देता त्यांच्याकडून फक्त नोंदी मागितल्या गेल्या.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयाने पायाभूत आणि संकलित चाचण्या राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेने घ्यायला सुरुवात केली. हेतू मागे राहिलेलं मूल शोधण्याचा होता, पण प्रश्नपत्रिका पुन्हा वरून येऊ लागली आणि गुण ऑनलाइन भरण्याच्या धावपळीत उत्तरपत्रिका वाचायच्या राहिल्या.

२०१९ मध्ये केंद्राने कलम १६ बदललं आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, त्यातही अपयश आलं तर त्याच वर्गात ठेवायचं, असा हा नियम आहे. या दोन महिन्यांचा बराचसा भाग मे महिन्याच्या सुट्टीत जातो. गावी गेलेलं, ऊसतोडीहून नुकतंच परतलेलं किंवा वीटभट्टीवर असलेलं मूल शाळेत येणार कधी, हा एक प्रश्न. दुसरा असा की ते आलं, तर त्याला काय शिकवायचं? शिक्षकाच्या हातात त्या वेळी एप्रिलचा लेखी पेपर असतो. त्यातले प्रश्न मूल कुठे अडलं ते दाखवणारे असतील, तर दहा-पंधरा दिवसांतही भागाकार किंवा वाचन मार्गी लागू शकतं. नसतील, तर त्या पेपरावर फक्त ३५ टक्क्यांपेक्षा कमी असलेला एक आकडा असतो, आणि जून उजाडतो.